जिथे बर्फ बुडतो

१

वडिलांना सकाळच्या गोळ्या देण्याचं काम माझ्याकडे होतं. हृदय थकलेल्या माणसाला पाणी बेताने द्यायचं असतं, आणि तहान तर लागतेच. म्हणून बर्फ चघळायला द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे उठल्यावर माझं ठरलेलं होतं. कॉफी चढवायची, अर्धा पेला पाणी घ्यायचं, त्यात बर्फाचे खडे टाकायचे, बशीत गोळ्या काढायच्या आणि ट्रे घेऊन बाबांच्या खोलीत जायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी ट्रे त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, पडदे सारले, समोरच्या छपरावरून घसरणाऱ्या बर्फाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मागे वळले. पेल्यातले खडे तळाशी बसले होते.

तरंगत नव्हते. एकमेकांना टेकून निवांत पडले होते, गारगोट्यांसारखे.

माझ्या मनात आधी आली ती दारू. कडक दारूत बर्फ बुडतो, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते. बाबांना बटाट्याची दारू फार प्रिय, आणि डॉक्टरांनी ती बंद केलेली. मी पेला उचलून वास घेतला.

"हुंगतेस काय?" बाबा म्हणाले. "पोलिसात लागलीस का?"

"बाबा, खरं सांगा. ह्यात काय ओतलंत?"

"ओतण्याजोगं ह्या घरात तू काही ठेवलं आहेस?"

मी घोटभर पिऊन पाहिलं. पाणीच होतं. नळाचं, गार, बेचव पाणी. पण नंतर बराच वेळ जिभेवर तांब्याच्या नाण्यासारखी काहीतरी चव रेंगाळत राहिली.

२

आमचं घर ट्रॉन्डहाइममध्ये, इला भागातल्या चढावर. लाकडी, पिवळं, थोडं नदीकडे कललेलं. मी गुन्वोर राइतान, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही. आई मी शिकत असतानाच गेली, आणि धाकटा भाऊ युस्टाइन रोरोस गावी गुराढोरांचा डॉक्टर आहे.

माझा विषय ऐकून लोक आधी हसतात. निसर्गाचे काही आकडे आहेत. दोन विद्युतभारांमध्ये ओढ किती, अणूचा गाभा किती घट्ट बांधलेला, असे. ते तेवढेच का, हे कुणालाच माहीत नाही. आता समजा, दुसरी विश्वं आहेत आणि तिथे हे आकडे वेगळे आहेत. मग तिथे काही जगेल का? हा माझा विषय. एक आकडा किंचित सरकवायचा आणि गणित पुढे नेत राहायचं. तारे पेटतात का, पेटले तर टिकतात का, पाणी तयार होतं का, पाण्यात पुढे काही घडतं का. माझ्या क्षेत्रात असे लोक आहेत जे म्हणतात, जीव कुठेही वाट काढेल. मी त्यांच्यातली नाही. माझं उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं, त्यामुळे विभागात मला 'नाहीबाई' म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

बाबांना हे नाव फार आवडायचं. ओसमुंड राइतान आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आले. तिखट जिभेचे, कुणाचं न ऐकणारे. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचं हृदय मोडीत निघालं. दिवाणखान्यातलं सामान हलवून मी तिथेच त्यांचा पलंग टाकला, भिंतीशी त्यांचा पियानो राहू दिला. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आणि त्यांना समोर बसवून सांगितलं की ईस्टर पाहायला मिळेल असं धरून चालू नका.

"तुम्ही धरू नका," बाबा म्हणाले. "मी धरतो."

त्याच आठवड्यात संध्याकाळी जेवताना, तपकिरी चीज पावावर लावता लावता, त्यांनी मला विचारलं की तू आता कुठल्या विश्वाला नाही म्हणते आहेस. मी सांगितलं. अणूंमधली ओढ जराशी वेगळी असलेलं एक विश्व होतं. ब्यार्टे नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यावर शोधनिबंध लिहून झाला होता. त्या विश्वात पाणी होतं, पण वेड्यासारखं वागणारं. बर्फ बुडतो, तळी तळापासून गोठत येतात, प्रथिनांच्या घड्या पडत नाहीत. तिथे काहीही जगू शकत नाही.

बाबांनी घास संपवला. "कुणाला विचारलंस?" ते म्हणाले.

"गणिताला."

"गणित तिथे राहतं का?"

आम्ही दोघंही हसलो होतो.

३

बुडालेला बर्फ पाहिल्यावर मी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले. खोलीचा उंबरठा ओलांडला तसा हातातल्या पेल्यात टकटक असा बारीक आवाज झाला. खडे वर आले होते आणि काचेला आपटत होते. परत आत गेले. खडे सावकाश खाली गेले. एखाद्याने सुस्कारा टाकून खुर्चीत बसावं तसे.

मी हे किती वेळा केलं ते आठवत नाही. बाबा उशीला टेकून बघत होते.

"एवढ्या येरझाऱ्या घालायच्या असतील तर जाता जाता कॉफी तरी आण."

विश्वास ठेवायला माझी तयारी नव्हती. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. बाबांच्या आजारपणात मी नीट झोपले नव्हते. मग शेगडीच्या धुराचा संशय आला. लाकडं नीट जळली नाहीत तर विषारी वायू होतो आणि माणसाला भलतंसलतं दिसतं. मी त्याचं गजराचं यंत्र आणून बाबांच्या खोलीत लावलं. ते गप्प राहिलं. शेगडी विझवली, खिडक्या उघडल्या, खोली गोठवून बाबांच्या शिव्या खाल्ल्या. बर्फ बुडतच राहिला.

मग मी पियानोवरचा नादकाटा उचलला. बाबांनी जन्मभर वापरलेला. बाहेर मार्गिकेत गुडघ्यावर आपटला, तर नेहमीचा स्वच्छ सूर आला आणि विरून गेला. आत जाऊन आपटला. सूर किंचित खाली लागला. आणि तो विरेना. मी वाट पाहत राहिले. शेवटी हातानेच काट्याची टोकं धरली, तेव्हा तो माझ्या हाडांत शिरल्यासारखा थांबला.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

"मला वाटलं होतं माझे कानच गेले," ते म्हणाले. "परवापासून हा पियानो असा वाजतोय. किती छान लागतोय बघ. जन्मभर मला ऑर्गन असा लागावासा वाटत होता, गुन्वोर."

४

बर्फ बुडायला काय काय सरकावं लागेल, हे मला पाठ होतं. तोच तर निबंध होता. विद्यापीठातल्या माझ्या खोलीत दार लावून मी गणित पुन्हा नव्याने मांडलं. मुद्दाम ब्यार्टेला न विचारता, मुद्दाम दुसऱ्या वाटेने. उत्तर तेच आलं. आकडा एवढा सरकला की रक्त प्राणवायू धरून ठेवू शकत नाही. मज्जातंतूंमधून निरोप जात नाही. माणूस काही श्वासांपुरता टिकेल, फार तर.

आणि माझे बाबा तिथे बसून पियानो वाजवत होते.

मी स्वतःला समजावलं की खोलीत तो फरक सगळीकडे सारखा नसणार. पलंगाजवळ जास्त, दाराशी कमी. तसंच होतं बहुधा, कारण सुरुवातीला मी आत जाऊन ट्रे ठेवून येऊ शकत होते. डोकं जड व्हायचं, जिभेवर ती नाण्याची चव यायची, पण जमायचं. पुढे पुढे पलंगापर्यंत पोचेतो छाती दाटायला लागली. शेवटी मी ट्रे दाराशीच ठेवू लागले. तो जसाच्या तसा परत यायचा.

"काही खाल्लं नाहीत."

"भूक नाही."

"कालही नव्हती."

"मग आता तरी कळायला हवं तुला," ते म्हणायचे. बरे दिसत होते. हेच सगळ्यात वाईट होतं. गालांची सूज उतरली होती, आवाज खणखणीत झाला होता. रात्रभर बसून श्वास ओढणारा माणूस आता श्वास घेतोय का, हे मला दारातून कळत नव्हतं.

मी स्वयंपाकघरातली तुळशीसारख्या वासाच्या रोपाची कुंडी काठीने ढकलून त्यांच्या खिडकीखाली ठेवली. ती मरेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर ती मरावी असं वाटत होतं. म्हणजे मला काहीतरी कळलं असतं. ती मेली नाही. जुनी पानं काळी पडून गळाली आणि नवी फुटली. मार्चचं कोवळं ऊन खिडकीतून भरभरून येत होतं, आणि नवी पानं सगळीच्या सगळी खिडकीकडे पाठ करून, खोलीच्या आतल्या कोपऱ्याकडे वळली होती. तिथे काहीच नव्हतं. रिकामी भिंत होती.

५

ओड्नी ही नगरपालिकेची नर्स. बाबांना तपासायला आठवड्यातून एकदा येऊन जायची. मोठ्याने बोलणारी, कशालाही न घाबरणारी बाई. मी तिला आधीच सांगितलं होतं की खोलीत कोंदट वाटतं, फार वेळ थांबू नका. ती हसली आणि आत गेली.

लवकरच बाहेर आली. जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि तिला ते कळलं नव्हतं. मी रुमाल दिला.

"नाडी लागत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही हात पाहिले, मान पाहिली. ते माझी थट्टा करत होते, गुन्वोर. आणि नाडी लागत नव्हती." मग थोड्या वेळाने, "त्यांना इस्पितळात हलवा. मी आज तसं कळवते. पण त्या खोलीत मी परत जाणार नाही."

ती गेल्यावर मी उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. बाबा पियानोपाशी होते, माझ्याकडे पाठ करून.

"बाबा, बाहेर या."

"का?"

"तिथे जगणं शक्य नाही."

"कुणाला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी असा विचारलाच नव्हता.

"बाहेर मी मरतोय," ते म्हणाले. "तारीखवार सांगितलंय डॉक्टरांनी. इथे मला तसं कुणी सांगितलेलं नाही. मग मी तिकडे कशाला येऊ? तुझं गणित बरोबर ठरावं म्हणून?"

"तुम्ही एकटे आहात तिथे. मला आत येता येत नाही."

त्यांची बोटं पट्ट्यांवरून फिरत होती, दाबत नव्हती. "शेवटची दहा वर्षं मी रिकाम्या चर्चमध्ये वाजवलं," ते म्हणाले. "पाद्री, चार म्हाताऱ्या आणि मी. म्हाताऱ्यांपैकी दोघी बहिऱ्या. तक्रार नाही करत. पण वाजवणाऱ्याच्या पाठीला कळतं, मागे कुणी आहे की नाही ते. मी एकटा नाही, गुन्वोर."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. एक जुनं भजन, मी लहानपणापासून ऐकलेलं. प्रत्येक सूर खाली लागत होता आणि पुढच्या सुरात मिसळून तसाच राहत होता. शेवटचा सूर लागला. ते हात मांडीवर घेऊन बसले. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. खूप जण एका जागी बसलेले असताना, एखादी गोष्ट संपल्यावर सगळेच जरा हलतात, अंग सैल करतात, तसा. तो आवाज आतल्या रिकाम्या भिंतीकडून आला.

मी उठून दार लावलं. मग माझ्यावरच चिडले आणि पुन्हा उघडलं.

६

ओड्नीने कळवल्यावर युस्टाइन गाडी घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं, बर्फापासून. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. गाईच्या मालकाचं ऐकावं तसं ऐकलं आणि मग म्हणाला की तू आजारी पडली आहेस आणि मी बाबांना घेऊन जातो.

तो दारापर्यंत गेला आणि आत पाऊल टाकून तसाच मागे आला. भिंतीला हात टेकून खोकत राहिला.

"या, साहेब," बाबा आतून म्हणाले. "गाय आडवी आलीय का?"

युस्टाइनचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्याने हट्ट सोडला नाही, तोही राइतानच. म्हणाला, बाबा, तुम्ही दारापर्यंत चालत या, पुढचं मी बघतो. बाबा उठले. काठी न घेता उठले. उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. इतक्या जवळून मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. सगळं त्यांचंच होतं, डोळे, भुवया, हनुवटीवरचा व्रण. फक्त बोलताना ओठ आणि आवाज यांत थोडं अंतर पडत होतं.

"बघाच मग," ते म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात उंबरठ्याबाहेर काढला.

मनगटापर्यंत आमच्या बाजूला आलेला तो हात मेलेल्या माणसाचा होता. नखं काळीनिळी, कातडी आत ओढलेली, बोटं ताठ. वासही आला. युस्टाइनने तो धरला होता. त्याने आयुष्यात अशी शेकडो जनावरं हाताळली आहेत. त्याने तो हात सोडला नाही. अंगठ्याने दाबून पाहिला, आणि मग फार हळुवारपणे परत आत ढकलला. स्वतःचा हातही त्याबरोबर थोडा आत गेला, आणि तो तसाच राहिला, डोळे मोठे करून.

आत बाबांनी बोटांची उघडझाप केली. बोटं गुलाबी होती. ते वळले आणि पियानोपाशी जाऊन बसले.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. युस्टाइनने हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"तो हात आजचा नाही," तो म्हणाला. "आठवडे झालेत."

"आत काय लागलं तुझ्या हाताला?"

त्याने नळ बंद केला. "जिवंत आहे," तो म्हणाला. "ठोके नव्हते. ठोक्यांसारखं काही नव्हतं. पण जिवंत काय असतं ते मला कळतं, माझा धंदाच आहे तो. फक्त कोण आहे ते मला विचारू नकोस."

"बाबा आहेत."

"बाबा गेलेत, गुन्वोर."

"इथे गेलेत."

त्याला लोकांना बोलवायचं होतं, अग्निशामक दल, इस्पितळ, कुणीही. श्वासाचे मुखवटे घालून आत जातील, त्यांना बाहेर काढतील आणि आपण रीतसर पुरू. त्याने फोन हातात घेतला. मी मार्गिकेत जाऊन बाबांच्या दारात उभी राहिले. उंबरठ्यावर, पाठ खोलीकडे. पाठीला थंडी नव्हती वाजत, दुसरंच काहीतरी होत होतं. कुणीतरी फार लक्ष देऊन बघावं तसं. मी हलले नाही.

"कुणीही त्यांना बाहेर ओढणार नाही," मी म्हणाले. "ते इथे मेलेले आहेत आणि तिथे जिवंत आहेत. तू त्यांना इकडे आणलंस तर तू त्यांना मारशील. हे तुझ्या धंद्यात बसतं का?"

"आणि ते बाहेर आलं तर? ते जे काय आहे ते?"

"मग मी आहे इथे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि फोन खाली ठेवला. त्याला मागे काय दिसलं ते त्याने सांगितलं नाही. इस्पितळाला काय सांगायचं ते तो सांगेल, एवढं म्हणाला. निघताना त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, इथे राहू नकोस, माझ्याकडे चल. मी नाही म्हणाले. नाही म्हणायची मला सवय आहे.

७

कुणी आलं नाही. युस्टाइनने कसं निभावलं कुणास ठाऊक. तो रोज फोन करत होता आणि आम्ही हवापाण्यावर बोलत होतो.

उंबरठा आता उंबरठा राहिला नव्हता. मी जमिनीवर बर्फाचा पेला पायाने सरकवत नेई. खडे जिथे बुडत तिथे ती रेघ. ती मार्गिकेत आली, कोटांच्या खुंट्या ओलांडून पुढे आली. सगळ्यात वाईट म्हणजे ती सरळ नव्हती. पूर येताना पाण्याला जीभ फुटते, तशी ती कधी इकडून, कधी तिकडून पुढे सरकायची. माझ्या खोलीकडे जाणारा जिना तिने सोडून दिला होता. ती स्वयंपाकघराकडे येत होती, जिथे मी बसत असे.

ब्यार्टेचा फोन आला. निबंध छपाईला चालला होता, माझा होकार हवा होता.

"माझं नाव काढ," मी म्हणाले.

तो हसला. मग हसायचा थांबला. "चूक सापडली का?"

"नाही. गणित बरोबर आहे."

"मग?"

"आपण म्हटलंय तिथे काही जगू शकत नाही. आपल्याला म्हणायचं होतं, तिथे आपण जगू शकत नाही. हे एक वाक्य नाही, ब्यार्टे. ही दोन वाक्यं आहेत, आणि दुसऱ्यावरून पहिलं निघत नाही."

तो म्हणाला की हे तर विरोधक म्हणतात, तू आयुष्यभर त्यांना खोडून काढत आलीस. मी म्हणाले, हो. मग त्याने विचारलं, तुझे वडील कसे आहेत. खूप वाजवतात, मी म्हणाले.

८

ईस्टरचा रविवार लख्ख उजाडला. गल्लीतून लोक स्की खांद्यावर टाकून निघाले होते, कुणीतरी कुंपणावर ईस्टरला खायच्या संत्र्यांची सालं ठेवून दिली होती. मी कॉफी घेऊन टेबलापाशी बसले. तिथून मार्गिका आणि पलीकडे बाबांचं उघडं दार सरळ दिसतं. पेला टेबलाखाली ठेवलेला होता. मी वाकून पाहिलं. खडे तळाशी होते. रेघ माझ्या पावलांपासून वीतभर अंतरावर होती.

मागचं दार माझ्या पाठीशी होतं. कोट आणि बूट मी आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवले होते, गाडीची किल्लीही. उठायचं आणि निघायचं. युस्टाइनने पलंग तयार ठेवला होता.

बाबांनी वाजवायला सुरुवात केली. ईस्टरचंच भजन होतं, पण आता ते पुरं ओळखू येत नव्हतं. प्रत्येक सुराला खाली आणखी सूर फुटले होते आणि ते पियानोतून येत नव्हते. मी दाराकडे पाहिलं. खिडकीतून ऊन आत पडत होतं. बाबांची सावली आत, भिंतीवर पडायला हवी होती. ती खिडकीकडे पडली होती, उन्हाच्या दिशेने, जणू खोलीतला खरा उजेड त्या आतल्या भिंतीकडून येत होता. आणि ती एकच नव्हती. तिच्या शेजारी आणखी होत्या. बुटक्या, रांगेत, एकामागे एक. माणसांच्या असाव्यात असं मला वाटलं, कारण मला तसं वाटायला हवं होतं. मग त्यांतली एक जरा वळली, आणि मी चटकन टेबलाकडे पाहिलं. कपाकडे पाहिलं. कॉफीकडे पाहिलं.

माझं डोकं शांतपणे सांगत होतं की ऊठ. त्याने मला आयुष्यभर बरोबर सांगितलं होतं. पण मला राग आला होता. डॉक्टरीणबाईंचा, युस्टाइनचा, माझा स्वतःचा, जे कोण न विचारता माझ्या घरात येऊन बसले होते त्यांचाही. माझे बाबा जगत होते. कुठल्या नियमाने जगायचं, हे ठरवणारी मी कोण? आणि मी माझ्या स्वयंपाकघरातून उठून का जायचं, हे मला सांगणारे ते कोण?

मी मोजे काढले. पाय पुढे केले आणि रेघेपलीकडे, टेबलाखाली ठेवले.

आधी जमिनीचा गारवा गेला. मग पाय आहेत हेच कळेना. ओरडावंसं वाटलं, पण कशासाठी ओरडायचं ते कळेना, कारण दुखत नव्हतं. मग घोट्यांपासून वर काहीतरी सावकाश चढायला लागलं. ठोके नव्हते. ठोक्यांसारखं काही नव्हतं. युस्टाइनला सांगता आलं नव्हतं, मलाही येणार नाही.

आत बाबा थांबले नाहीत, पण त्यांनी चाल धीमी केली. नवखं कुणी गायला आलं की ते तसं करायचे.

आणि टेबलाखाली, माझ्या उघड्या पावलांना चाटून, कुणीतरी आपले पाय जरा बाजूला घेतले. मग त्याच्या पलीकडच्याने. मग त्याच्याही पलीकडच्याने, थेट मार्गिकेपर्यंत.

मी पाय मागे घेतले नाहीत. मी खुर्ची पुढे ओढली.